पेट्यांवरचं नाव

ही गोष्ट दोन हजार चोवीस सालची. त्या वर्षी मे महिन्यात डोंबिवलीत असा उकाडा होता, की देवघरातला कापूर डबीतल्या डबीतच निम्मा होत असे. त्याच महिन्यात विश्राम वासुदेव नेरुरकर यांनी मोटरसायकलवरून लेहला जायचं नक्की केलं. निघायचा दिवस ठरला नऊ जून, रविवार. विश्रामराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. वय सहासष्ट, गुडघ्यांचं त्याहून जास्त. "जन्मभर नद्या नकाशावर पाहिल्या, एकदा सिंधूत पाय बुडवून येतो," एवढंच त्यांचं म्हणणं. मोटरसायकल घेऊन झाली होती. ती का घेतली आणि त्यावरून घरात किती दिवस अळणी आमटी होत होती, हे सांगत बसलं तर जून उजाडायचाच नाही. ती खाली उभी होती, उंच, पुढे चोच काढलेली, आणि तिच्याशेजारी आपली स्कूटर लावायला सोसायटीतले लोक बिचकत होते, एवढं पुरे.

प्रश्न होता सामानाचा.

सामान या विषयावर बोलायचा खरा अधिकार दर्शनाबाईंचा, म्हणजे विश्रामरावांच्या पत्नीचा. चाळीस वर्षांपूर्वी त्या लग्न होऊन डोंबिवलीत आल्या तेव्हा दोन इमारतींच्या मधे अजून भाताची खाचरं होती, आणि त्या खाचरांच्या बांधावरून हमालाच्या डोक्यावर त्यांची ट्रंक आली होती. तिच्यावर वडिलांनी पांढऱ्या ऑइलपेंटने नाव घातलं होतं. वडील म्हणायचे, नाव घातलेली वस्तू घर विसरत नाही. दर्शनाबाईंचा यावर देवासारखा विश्वास होता. शेजारीपाजारी दिलेलं नाव नसलेलं भांडं गेलं ते गेलंच. पण नाव घातलेली कढई एकदा आठ वर्षांनी परत आली होती. नेणारं बिऱ्हाड केव्हाच बदलापूरला गेलं होतं. एका दुपारी दार उघडलं तर उंबऱ्याशी कढई. घासलेली. कोणी आणून ठेवली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पण विश्रामरावांनी बायकोला न विचारता दुसऱ्या मजल्यावरच्या प्रभाकर चौबळांना विचारलं. प्रभाकरपंतांचा जन्म अंबरनाथच्या कारखान्यात गेलेला, त्यामुळे जगातला कुठलाही धातू आपल्याला विचारून वितळतो अशी त्यांची समजूत.

"कापडी बॅगा नकोत," प्रभाकरपंत म्हणाले. "उंदीर खातात."

"लेहला उंदीर?"

"इथे खातील. निघायच्या आधी."

मग प्लास्टिकची पेटी आली, बघायला म्हणून. तिच्यावर म्हणे माणूस बसला तरी काही होत नाही. हे ऐकून प्रभाकरपंत बसले. पेटीला खरंच काही झालं नाही. मात्र तिची कडी खटकन लागली ती त्यांच्या लुंगीसकट, आणि किल्ली खाली मोटरसायकलला. विश्रामराव किल्ली घेऊन येईपर्यंत हा गृहस्थ नेरुरकरांच्या हॉलमध्ये पेटीवर बसून दर्शनाबाईंना मिश्रधातूंविषयी सांगत होता. बाईंनी पंखा त्यांच्याकडे वळवला आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला.

शेवटी अ‍ॅल्युमिनियमच्याच पेट्या घ्यायचं ठरलं. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये त्या बनवून मिळायच्या. पत्रा दीड मिलिमीटरचा की दोनचा, यावर दोघं निवृत्त गृहस्थ आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. दोनचा जिंकला. पेट्या आल्या. दोन सारख्या, रुपेरी, कोपऱ्यांना रिबिटं मारलेल्या, झाकणाला रबराची पट्टी बसवलेल्या. पाण्याचा थेंब आत जाणार नाही अशी हमी. हमी म्हटली की तपासायलाच हवी, म्हणून विश्रामरावांनी एक पेटी न्हाणीघरात नेली आणि काठोकाठ पाण्याने भरली.

"अहो, पाणी बाहेरून आत जातं का ते बघायचंय ना?" दर्शनाबाई म्हणाल्या. "तुम्ही ते आतून बाहेर येतं का बघताय."

"तत्त्व एकच," विश्रामराव म्हणाले. पण भरलेली पेटी तिघांना उचलेना.

पोळ्यांना आणि केराला येणारी रतन दिवा स्टेशनजवळ राहायची. ती दारात उभी राहून म्हणाली, "आमच्याकडे दिव्यात हंडाभर पाण्याला मारामारी, नि तुम्ही पेट्यांना आंघोळी घालता. चांगलंय."

पेट्या मग हॉलमध्ये देवघराच्या दोन बाजूंना ठेवल्या गेल्या, कारण दुसरीकडे जागा नव्हती. आणि त्या दिवसापासून दर्शनाबाईंना दुपारी झोप लागेना. भर उन्हाच्या वेळी, घर गप्प असताना, पेटीतून 'टक्' असा आवाज यायचा. थोड्या वेळाने दुसरीतून 'टक्'. एकीने विचारावं आणि दुसरीने सांगावं तसं. प्रभाकरपंत म्हणाले, पत्रा तापतो, पसरतो. बरोबर असेल. पण झाकण उघडलं की आतून लांब, कोमट श्वास बाहेर यायचा. रबराची पट्टी, कोंडलेली हवा, हेही प्रभाकरपंतांनी समजावलं. रतन मात्र त्या बाजूला केर काढायला तयार नव्हती.

"वहिनी, ती पेटी उसासा टाकते. रिकामी वस्तू कशाला उसासा टाकेल?"

यावर उपाय म्हणून दर्शनाबाईंना एकच गोष्ट सुचली. पेट्यांवर नाव घालायचं. वस्तू कोणाची हे तिला कळलं की ती शहाण्यासारखी वागते. विश्रामराव हसले. "अगं, त्या काय चहाच्या वाट्या आहेत?" म्हणून ज्या दिवशी विश्रामराव गाडीच्या कागदांसाठी ठाण्याला गेले, त्या दिवशी बाईंनी दोन्ही पेट्या रिक्षात घातल्या आणि मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत नाथाचं दुकान गाठलं. नाथा म्हणजे भांड्यांवर नाव घालणारा. जुनं दुकान, भुंग्यासारखं गुरगुरणारं हातातलं मशीन, आणि अक्षर असं की छापल्यासारखं. दर्शनाबाईंच्या लग्नातल्या भांड्यांवर नाथाचंच अक्षर, सासूबाईंच्या चौदाव्याला वाटलेल्या डब्यांवरही नाथाचंच.

बाईंनी कागद पुढे केला. विश्राम वासुदेव नेरुरकर, डोंबिवली पूर्व, नऊ जून दोन हजार चोवीस. निघायची तारीख असावी, पुढे आठवण राहते.

नाथाने कागद वाचला. दोन सारख्या कोऱ्या पेट्या पाहिल्या. मग बाईंकडे पाहिलं. उन्हाने बाईंचे डोळे लाल झाले होते, पदराने तोंड पुसताना टिकली कुठे गेली ते त्यांना कळलं नव्हतं. नाथाने काही विचारलं नाही. त्याच्याकडे येणाऱ्या कामातलं निम्मं काम असंच असायचं, आणि अशा वेळी विचारू नये हे तो या गल्लीत शिकला होता. त्याने स्टूल पुढे केलं, माठातलं पाणी दिलं, पंख्याची दिशा बदलली.

"बसा ताई. पैशांची घाई नाय."

जग अजून इतकंही बिघडलेलं नाही, असं बाईंच्या मनात आलं. नाथाने काम संपवून पेट्या फडक्याने पुसल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या, स्वतः रिक्षात ठेवल्या आणि रिक्षा निघताना हात जोडले.

संध्याकाळी विश्रामराव प्रभाकरपंतांना घेऊन आले आणि वर्तमानपत्र फाडलं. प्रभाकरपंतांनी, चष्मा वर करून, सार्वजनिक सूचना वाचावी तसं वाचलं.

"कैलासवासी विश्राम वासुदेव नेरुरकर, डोंबिवली पूर्व, यांच्या स्मरणार्थ. नऊ जून दोन हजार चोवीस."

डाव्या पेटीतून 'टक्' असा आवाज आला. मग उजवीतून.

"अक्षर मात्र सुरेख आहे," विश्रामराव म्हणाले आणि खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी दर्शनाबाई मोठी टिकली लावून नाथाकडे गेल्या. ऐकून तो म्हातारा स्टुलावरून उठला आणि भिंतीला टेकला.

"ताई, तेराव्या-चौदाव्याचं, नायतर वर्षश्राद्धाचं असंल, असंच वाटलं मला. तोंडात माती पडो माझ्या."

"अहो, पण ते खोडता येईल ना?"

"हे मशीन लिवतं, ताई. पुसत नाय. आजवर एक नाव पुसलं नाय मी." मग बाईंनी सोबत आणलेल्या एका पेटीवरून, त्या अक्षरांवरून, त्याने दोन्ही तळवे फिरवले आणि आपल्या कानशिलांवर नेऊन बोटं कडाकडा मोडली, लहान मुलाची अलाबला घ्यावी तशी. "साहेबांवरची सगळी पीडा मला लागो. जा आता. नका घाबरू."

बाईंना हसू आलं, थोडं बरंही वाटलं. पण बोटं मोडल्याचा तो आवाज पेटीच्या टक् टक् सारखाच होता, हे घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

पुढचे दिवस नाव घालवण्यात गेले. प्रभाकरपंतांनी पॉलिश पेपर घासला. आजूबाजूचा पत्रा चकाकायला लागला आणि अक्षरं जास्तच काळी दिसायला लागली. वर्कशॉपवाले म्हणाले, नवा पत्रा जुलैत. मग विश्रामरावांनी दोन्ही पेट्यांवर बर्फाच्या डोंगराचं एकेक मोठं स्टिकर आणून चिकटवलं. रोज दुपारी उन्हाने त्याचा डिंक वितळायचा आणि ते वरच्या कोपऱ्यातून हळूहळू सुटत यायचं. रोज त्याच कोपऱ्यातून. डोंगराच्या मागून आधी 'कै.' वर यायचं, मग विश्राम.

सल्ला मिळावा म्हणून प्रभाकरपंतांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेटीचा फोटो टाकला. त्याखाली त्यांनी मोठा मजकूर लिहिला होता. तो कोणी वाचला नाही. फोटो सगळ्यांनी पाहिला. तासाभरात ग्रुपवर इतके हात जोडले गेले की खाली सेक्रेटरींची पाण्याच्या पंपाविषयीची नोटीस दिसेना. तळमजल्यावरच्या काकू पांढरी साडी नेसून वर आल्या. दार विश्रामरावांनी उघडलं. काकूंनी किंकाळी फोडली आणि मग, सावरून, रागाने म्हणाल्या, "असं उघडतात का दार!"

कोपरीहून विश्रामरावांची मुलगी सोनल धावत आली. "बाबा, मी मीटिंगमधून उठून आलेय. मला कोणीतरी RIP पाठवलंय. तुमचा फोन का बंद?"

"चार्जिंगला होता."

"आई, या पेट्या आत्ताच्या आत्ता भंगारात दे."

"दोन मिलिमीटरचा पत्रा आहे," विश्रामराव दुखावल्या सुरात म्हणाले.

महिना संपला आणि पेन्शन आली नाही. विश्रामराव ठाण्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या एका साहेबांच्या मेव्हण्याकडे तो फोटो पोचला होता, आणि खातं तात्पुरतं थांबवलं होतं.

"मी स्वतः आलोय," विश्रामराव म्हणाले.

"ते दिसतंय. पण हयातीचा दाखला?"

"नोव्हेंबरात दिलाय."

"तो नोव्हेंबरात हयात होतात त्याचा." साहेबांनी त्यांच्याकडे नीट, आदराने पाहिलं. "आत्ताचं काय?"

नवा दाखला देऊन परत आलेले विश्रामराव त्या दिवशी जेवले नाहीत. आपण जिवंत आहोत ही गोष्ट आपल्याला दुसऱ्याच्या सहीने कळावी, याचं त्यांना फार लागलं होतं. आणि त्या दिवसापासून त्यांनी हट्ट धरला. निघेन तर नऊ तारखेलाच. आठला निघा, दहाला निघा, असं सगळे सांगत होते. कल्याणच्या गुरुजींनी तर फोनवर सांगितलं, "त्या दिवशी घराबाहेर पाऊल नको. लिहिलेल्या अक्षराला माणूस सापडू देऊ नये."

"तारीख बदलली तर मी तिला मानली असं होईल," विश्रामराव म्हणाले.

दर्शनाबाईंना पेट्या नको होत्या, लेह नको होतं, ती चोचवाली गाडी नको होती. पण चाळीस वर्षं ज्या माणसाने घरातलं एकही स्टूल आपल्या मनाने हलवलं नव्हतं, तो या उन्हाळ्यात पहाटे उठून आरशासमोर हेल्मेट घालून बघत होता, तेव्हा त्याचा चेहरा त्यांनी पाहिला होता. तो चेहरा विझला तर पेटीवरचं खरंच होणार होतं, असं त्यांना वाटायचं. आणि नाही विझला, तो निघाला, तरीही वाटायचंच. दुपारी देवघरासमोर बसलं की दोन्ही पेट्या दोन बाजूंनी बोलत असत. टक्. टक्.

नऊ जूनला सकाळी त्यांनी नवऱ्याच्या तळहातावर दही घातलं. डाव्या पेटीत स्वतः विणलेला राखाडी स्वेटर ठेवला आणि झाकण लावलं. स्टिकर तेव्हाच कोपऱ्यातून सुटायला लागलं होतं.

"नाव घातलेली वस्तू घर विसरत नाही," त्या म्हणाल्या.

"वस्तू," विश्रामराव म्हणाले. मग जरा थांबून, "येतो गं," म्हणाले आणि निघाले.

इगतपुरीहून त्यांचा फोन आला. आवाज कसासाच होता.

"दर्शना, एक सांगू? पडघ्यापासून इथवर मागून कोणी हॉर्न वाजवला नाही."

"म्हणजे?"

"स्टिकरं उडाली. पेट्यांच्या मागच्या बाजूला सगळं वाचता येतं. ट्रक मागे येतात, हळू होतात, आणि गपचूप लांबून पुढे जातात. कसाऱ्याच्या घाटात एक ड्रायव्हर मला पाहून कपाळाला हात लावून गेला. शहापूरला चहा प्यायलो, तर माझ्या बाकावर कोणी बसेना. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं, अहो घ्या. त्याने ऐकलंच नाही असं केलं." ते थांबले. "इतका मोकळा रस्ता मी जन्मात पाहिला नाही. आपण खरंच बोलतोय ना आत्ता?"

"बोलतोय," दर्शनाबाई म्हणाल्या. "ऐकू येतंय मला. जेवून घ्या. आणि जेवताना कोणाशी तरी भांडा."

त्या दिवशी दुपारी घरात पेट्या नव्हत्या. तरी ऊन तापल्यावर देवघराच्या बाजूने एकदा आवाज आला, बोटं मोडल्यासारखा. एकदाच. बाई उठून बघून आल्या. दोन पेट्यांच्या जागी फरशीवर दोन स्वच्छ चौकोन होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन वाजला. "दहा तारीख," विश्रामराव म्हणाले. "आणि हॉटेलवाल्याशी पोह्यांवरून भांडलोय. तो मला म्हातारा म्हणाला." त्यांचा आवाज आनंदाने फुलला होता.

दर्शनाबाईंनी फोन ठेवला, थोडं रडून घेतलं, आणि पेढे घेऊन नाथाकडे गेल्या. दुकानाची फळी अर्धी लावलेली होती. शेजारचा डब्यांचा दुकानदार बाहेर आला.

"नाथाकाका काल दुपारी गेले, ताई. जेवून आले, मशीन हातात घेतलं, नि बसल्या जागी. समोर वाटी होती कोणाची तरी. नाव अर्धंच झालेलं."

बाई पेढ्यांचा पुडा हातात धरून उभ्या राहिल्या. आत स्टुलावर ते मशीन होतं. वायर अजून प्लगमध्ये होती.

त्यानंतरचं थोडक्यात सांगता येतं. विश्रामराव लेहला पोचले, सिंधूत पाय बुडवून आले आणि महिन्याभराने काळेठिक्कर होऊन परतले, ते एकाच पेटीसह. डावी पेटी मनालीच्या पुढे एका ओढ्यात गाडी आडवी झाली तेव्हा पाण्यात गेली होती. त्यांना लागलं नाही, गुडघे तसेही गेलेलेच होते. आता ते दर रविवारी खाडीपर्यंत जाऊन येतात, आणि मागून कोणी हॉर्न वाजवला की वळून हसतात. पेन्शन सुरू झाली. नोव्हेंबरात मात्र ते दोन दाखले देतात, एक जास्तीचा. सोनलने तो सोसायटीचा ग्रुप सोडला. रतनने उरलेल्या पेटीला हळदकुंकू लावून केर काढायला सुरुवात केली. गुरुजी अजूनही सांगतात की आपण सांगितलं होतं.

डावी पेटी दिवाळीनंतर आली. एका दुपारी दार उघडलं तर उंबऱ्याशी ठेवलेली. घासलेली. कोणी आणली ते कळलं नाही; सोसायटीचा कॅमेरा पाण्याच्या भांडणापासून पंपाकडे तोंड करून आहे. झाकण उघडल्यावर तिने तोच लांब श्वास सोडला, पण या वेळी तो गार होता. आत पाण्याचा थेंब नव्हता. राखाडी स्वेटर घडी घालून ठेवलेला, आणि त्यावर तिकडे लेहच्या बाजूला मानाच्या माणसाच्या गळ्यात घालतात तसला पांढरा रेशमी पट्टा. प्रभाकरपंत म्हणाले, दोन मिलिमीटरचा पत्रा, मी सांगितलंच होतं. पुढच्या चैत्रात ते मुलाकडे पनवेलला राहायला गेले.

आणि नाथा. त्याच्या चौदाव्याला त्याच्या मुलाने, भावेशने, गिऱ्हाइकांना एकेक स्टीलची वाटी दिली. वाट्यांवर नाव नव्हतं. "घालणारं कोण होतं, ताई?" भावेश म्हणाला. दर्शनाबाईंनी ठरवलं होतं, दुसरीकडून कुठून तरी त्या वाटीवर त्याचं नाव घालून घ्यायचं. आज, उद्या करता करता राहिलं. मग गणपतीत त्या वाटीतून प्रभाकरपंतांकडे शिरा गेला, आणि प्रभाकरपंत पनवेलला गेले. त्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, वाट्या पुष्कळ आहेत. यातली तुमची कुठली, कसं ओळखायचं?"

तेव्हापासून दर्शनाबाईंना एक सवय लागली आहे. कोणाकडेही गेल्या आणि वाटीतून काही समोर आलं, की त्या खाऊन झाल्यावर वाटी हळूच उलटी करून बघतात. खाली काही लिहिलेलं नसेल, तर ती जरा वेळ हातातच धरून ठेवतात.